मदत हवी आहे: जनुकीय एपिलेप्सीच्या मुलांची चाल मोजायला कोणती स्केल? (सोमवारपर्यंत!)

पाऊलखुणा | शुक्रवार, रात्री ९.४०
एमपीटीचं (फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण) पहिलं वर्ष. सोमवारी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्यायचाय. विषय मंजूर आहे: जनुकीय एपिलेप्सी (जनुकातल्या दोषामुळे येणाऱ्या फिट्स) असलेल्या मुलांमधल्या चालण्याच्या अडचणी. अडलंय ते मोजमापापाशी. गाइड म्हणतात बर्ग बॅलन्स (तोल मोजायची स्केल) घे, सीनियर म्हणते टीयूजी (खुर्चीतून उठून चालून परत बसायला लागणारा वेळ) घे, आणि मला दोन्ही पटत नाहीत. गेट लॅब (चाल मोजायची प्रयोगशाळा) नाही. कोणती स्केल घेऊ, एवढंच सांगा. प्लीज लवकर.

सह्याद्रीचा_वारा | रात्री १०.०२
माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. दारात आले की पाय जमिनीला चिकटायचे. फिजिओनी फरशीवर फूटभर अंतराने रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या. त्या बघत बघत ते आता दार ओलांडतात. तुमच्या मुलांवर करून बघा, खर्च काहीच नाही.

पाऊलखुणा | रात्री १०.०५
काका, धन्यवाद. पण माझा प्रश्न उपचाराचा नाहीये, मोजण्याचा आहे.

तिसरा_मणका | रात्री १०.३१
मुलांच्या न्यूरो ओपीडीत काम करतो. कोणता जनुक? वयं काय? किती मुलं? आधाराशिवाय चालतात का? हे कळल्याशिवाय स्केल कशी सांगणार?

पाऊलखुणा | रात्री १०.३८
जनुकीय म्हणजे ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय ती सगळी. चालणारीच घेणार आहे. मला फक्त स्केलचं नाव हवंय.

तिसरा_मणका | रात्री १०.५५
चिडू नका, पण घोळ तिथेच आहे. जनुकीय एपिलेप्सी हा एकच आजार नाही; अँजेलमन, सीडीकेएल५, ग्लूट१, ड्रावे हे त्यातले वेगवेगळे आजार. अँजेलमनचं मूल पाय फाकवून, कोपरात वाकवलेले हात वर धरून, झटके देत चालतं. सीडीकेएल५ची बरीच मुलं स्वतःच्या पायांवर कधी चालतच नाहीत. ग्लूट१ मध्ये मेंदूला साखर पुरत नाही, तिथे उपाशीपोटी चाल बिघडू शकते आणि खाल्ल्यावर सुधारू शकते. ड्रावेचं मूल लहानपणी बरं चालतं आणि वयात येताना गुडघ्यांत वाकायला लागतं. या चौघांची एकत्र सरासरी काढलीत तर ती कोणाचीच चाल नसेल.

नाशिकची_आई | रात्री ११.२०
ड्रावे शब्द दिसला म्हणून लिहितेय. माझी मुलगी पंधराची आहे, ड्रावेच आहे, एससीएन१ए जनुकात दोष. सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, पाऊण तास. चौथ्या वर्षी धावायची, जिने चढायची. अकराव्या वर्षापासून गुडघे सरळ होईनासे झाले. खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखी चालते. बाजारात शंभर पावलांवर खाली बसते.

दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातो. दर वेळी विचारतात, फिट्स किती, औषध किती. ती टेबलाजवळच्या खुर्चीत बसलेली असते. तिला चालताना कोणीच बघत नाही. मी दोनदा म्हटलं, तर म्हणाले आजाराचाच भाग आहे. असेल. पण मग त्यासाठी काय करायचं? या मुलांच्या चालण्याकडे कोणी बघतंय, हे आज पहिल्यांदा वाचलं. बाई, अभ्यास नीट कर गं. सोमवार गेला तरी चालेल.

बदामी_चहा | रात्री ११.४५
ताई, अनुभव जुळतोय. माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, तोही असाच वाकून चालायचा. बाराव्या वर्षी मागचे स्नायू लांब करायचं ऑपरेशन केलं, मग एएफओ (घोट्याला आधार देणारा साचा). आज कॉलेजला स्वतः जातो. वेळ घालवू नका, ऑर्थोला दाखवा.

तिसरा_मणका | शनिवार, सकाळी ७.१०
ऑर्थोला दाखवा, यात वाद नाही. पण भाच्याचं ऑपरेशन इथे जसंच्या तसं लावू नका. सीपीमध्ये बहुधा स्नायू ताठर असतात. ड्रावेमध्ये बहुतेकदा तो ताठरपणा सापडत नाही. मेलबर्नच्या गटाने २०१२ मध्ये २६ रुग्ण तपासले होते. ६ ते १२ वयोगटात निम्मे गुडघ्यांत वाकलेले होते, १३ च्या पुढे ९ पैकी ८. त्यांना मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचा पीळ आणि सपाट पाऊल दिसलं. मांडीचं हाड आत वळलेलं, नडगी बाहेर. गुडघा एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे बघत असेल तर पाऊल जमिनीवर जोर देऊन गुडघा नीट सरळ करू शकत नाही.

बदामी_चहा | सकाळी ७.३०
मी ऑपरेशन कराच असं म्हटलं नाही. पण "आजाराचा भाग आहे" ऐकून घरी बसणं मला मान्य नाही. भाच्याच्या वेळी आम्ही तीन वर्षं घरी बसलो होतो.

तिसरा_मणका | सकाळी ७.३४
यावर एकमत आहे.

गावठी_वैदू | सकाळी ८.१५
रोज सकाळी कोमट तिळाच्या तेलाने मालीश, नंतर गरम पाण्याने अंघोळ. गुडघे मोकळे होतात. इंग्रजी औषधं हळूहळू कमी करा, त्यांनीच स्नायू ढिले पडतात.

नाशिकची_आई | सकाळी ८.२१
नाही! गरम पाण्याच्या अंघोळीनेच माझ्या मुलीला दोनदा फिट आलीये. ड्रावेच्या मुलांना अंग तापलं की फिट येते, मग ताप असो, ऊन असो की बादली. आणि औषध आपल्या मनाने कमी केलं की काय होतं ते मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर अकरा दिवस बसून पाहिलंय. कृपा करून असं लिहू नका, कोणीतरी खरंच करेल.

गावठी_वैदू | सकाळी ८.४०
गरम पाण्याचं माहीत नव्हतं, मागे घेतो. मालीशीने नुकसान नाही.

तिसरा_मणका | सकाळी ८.५२
औषधांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच घातक आहे. फेनिटॉइन जास्त झालं की तोल जातो. व्हॅल्प्रोएटने हात थरथरतात, वजन वाढतं. क्लोबाझामने सुस्ती येते. शिवाय कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन ही सोडियम चॅनेल (मज्जापेशींतले सोडियमचे मार्ग) अडवणारी औषधं ड्रावेमध्ये फिट्स वाढवू शकतात. पण बदल करायचा तो न्यूरोलॉजिस्टने, टप्प्याटप्प्याने.

पाऊलखुणा, तुमच्या फॉर्ममध्ये कोणतं औषध, किती मात्रा, शेवटचा डोस किती वाजता आणि शेवटच्या फिटला किती तास झाले हे रकाने आहेत का? फिटनंतर काही मुलांची एक बाजू तासन्‌तास लुळी असते. ती चाल मोजलीत तर आजाराची नाही, कालच्या फिटची नोंद होईल.

हिरवा_कंदील | सकाळी ९.३०
विषय निघालाच आहे तर विचारते. अशा मुलांना निरामय (सरकारी आरोग्य विमा) मिळतो का?

जुनी_वही | सकाळी ९.४४
निरामय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. नुसत्या एपिलेप्सीवर नाही. पण ड्रावेच्या बऱ्याच मुलांना बौद्धिक अक्षमता असते, त्या प्रमाणपत्रावर मिळतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) आधी काढा. वेगळा धागा काढाल का? इथे या मुलीचं काम राहून जाईल.

पाऊलखुणा | दुपारी १२.२०
काल मी तुटक बोलले, माफ करा. सकाळी ओपीडीची यादी पुन्हा काढली. चालणारी ११ मुलं, ८ ते १९ वर्षं. त्यातली ७ ड्रावे, २ अँजेलमन, १ ग्लूट१, एकाचा रिपोर्ट घरच्यांकडे. औषधाचा रकाना होता, वेळेचा नव्हता. जागा म्हणजे ओपीडीचा १२ मीटरचा बोळ. हातात फोन, स्टँड आणि गोनिओमीटर (सांध्याचे कोन मोजायचं साधन). बर्ग यासाठी नको होती की यादीतल्या तिघांना "एका पायावर उभा राहा" हेच कळत नाही. मग गुण तोल नसल्यामुळे गेले की सूचना न कळल्यामुळे?

तिसरा_मणका | दुपारी १.०५
हेच काल लिहायचं होतं! शंका अगदी योग्य आहे. टीयूजीलाही तीच अडचण.

फक्त ड्रावेची ७ घ्या, शीर्षक तसं बदला. ७ जणांवर सरासऱ्यांचा खेळ करू नका, प्रत्येकाचं सविस्तर वर्णन लिहा. व्हिडिओवरून एडिंबरा व्हिज्युअल गेट स्कोअर (चाल बघून गुण द्यायची पद्धत) भरा: प्रत्येक पायाच्या १७ नोंदी, प्रत्येकीला ० ते २. तो सीपीसाठी बनलाय, हे मर्यादांमध्ये लिहा. मुलाला फक्त चालायचं असतं, सूचना पाळायच्या नसतात. जोडीला फंक्शनल मोबिलिटी स्केल (मूल किती अंतर कसं चालतं याची नोंद) घ्या, ती पालकांना विचारून भरतात: ५ मीटर म्हणजे घरात, ५० म्हणजे शाळेत, ५०० म्हणजे बाजारात. नाशिकच्या ताईंची शंभर पावलं तिथे दिसतील, तुमच्या १२ मीटरच्या बोळात कधीच दिसणार नाहीत.

आणि मुलाला पालथं झोपवून दोन मापं घ्या, मांडीच्या हाडाच्या पिळासाठी क्रेग टेस्ट आणि नडगीसाठी मांडी-पाऊल कोन. व्हिडिओतले कोन मोजायला किनोव्हिया हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

सह्याद्रीचा_वारा | दुपारी २.१५
माझा पार्किन्सनचा मुद्दा अगदीच अस्थानी होता का?

तिसरा_मणका | दुपारी २.३०
नाही काका. ड्रावेच्या मोठ्या वयाच्या काही रुग्णांमध्ये पार्किन्सनसारखीच लक्षणं दिसतात. मान पुढे झुकते, हालचाली मंदावतात, आणि काहींना लेवोडोपाचा (पार्किन्सनचं औषध) उपयोग झालाय. १९ वर्षांचा मुलगा यादीत आहे, त्याच्या मानेकडे नक्की बघावं.

नाशिकची_आई | दुपारी ३.१०
आता आईचं ऐक.
पोरांना अनवाणी, गुडघ्याच्या वर चड्डी अशा कपड्यांत चालव. पण मुली मोठ्या असतात, आडोशाला कपडे बदलायची सोय ठेव. अंगाला काही चिकटवू नकोस, माझी तर ओरबाडून काढते. "इथून तिथे चाल" म्हटलंस तर ती उभीच राहील. बोळाच्या टोकाला मला उभं कर, ती माझ्याकडे येईल. पहिल्या दोन फेऱ्या धरू नकोस, ती फोनकडे बघत असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी बोलावू नकोस, पंखा आणि ओला रुमाल हाताशी ठेव. फिट थांबवायचा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे कोण देणार ते आधीच ठरव.

पाऊलखुणा | सायंकाळी ६.४५
हे सगळं कार्यपद्धतीत घातलं, पंखासुद्धा. १२ ते १८ वर्षांच्या मुलांची, पालकांच्या संमतीखेरीज, लेखी सहमती लागते. ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी चित्रांचं पान करतेय, आणि मूल थांबलं किंवा मागे फिरलं तर तो नकार धरायचा असं लिहिलंय. गाइडना फोन केला. शीर्षक बदलायला हो म्हणाले.

नाशिकची_आई | सायंकाळी ७.०२
एक विचारू? तो व्हिडिओ आम्हाला मिळेल का? पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला.

पाऊलखुणा | सायंकाळी ७.०९
संमतीपत्रात आत्ताच ओळ टाकली: व्हिडिओ आणि मापांची प्रत पालकांना देण्यात येईल. दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजता आलं तर फरक कळेल, त्यासाठीही परवानगी मागतेय. तुम्ही याल का?

नाशिकची_आई | सायंकाळी ७.१५
येऊ. सकाळची वेळ दे. आदल्या रात्री फिट आली तर फोन करून पुढची तारीख घेईन.