माजी सैनिकांची बायोबँक: रक्त देणाऱ्याच्या पदरात काय?

उंटावरचा_शहाणा
अमेरिकेत माजी सैनिकांची आरोग्यसेवा बघणारं व्हेटरन्स अफेअर्स खातं (पुढे नुसतं व्हीए) २०११पासून ‘मिलियन व्हेटरन प्रोग्रॅम’ चालवतंय. सैनिकाने रक्त द्यायचं, प्रश्नावली भरायची आणि आपल्या वैद्यकीय नोंदी संशोधकांना बघू द्यायच्या. नमुने आणि नोंदींचा असा साठा म्हणजे बायोबँक. नोव्हेंबर २०२३मध्ये सहभागींचा आकडा दहा लाखांवर पोचला.

माझ्या मते सरकारी पैशाचा इतका चांगला उपयोग क्वचित होतो. रक्त गोळा करणं सोपं आहे हो, त्या माणसाचं पुढे काय झालं ते कळणं अवघड. व्हीएकडे एकेका माणसाची वर्षानुवर्षांची साखर, रक्तदाब, औषधं आधीच संगणकात आहेत. यूके बायोबँकेत पाच लाख लोक आहेत, पण नव्वद टक्क्यांहून जास्त गोरे. इथे पावणेदोन लाखांवर कृष्णवर्णीय आहेत. २०२४मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत याच साठ्यातल्या सहा लाख पस्तीस हजारांहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला, एकूण २०६८ गुणधर्म आणि आजार तपासलेले. विरोध करणाऱ्यांनी कारण सांगावं.

तिरफळ
सांगते. जे खातं अपंगत्वाची भरपाई मंजूर-नामंजूर करतं, त्याच खात्याच्या कपाटात तुमचा डीएनए. एवढं कारण पुरे आहे.

आणि ‘स्वेच्छेने सही केली’ हे सैनिकांच्या बाबतीत जरा जपून बोला. एजवूड आर्सेनल या रासायनिक शस्त्रांच्या केंद्रात विसाव्या शतकाच्या मध्यापासून १९७५पर्यंत हजारो सैनिकांवर रासायनिक द्रव्यांचे प्रयोग झाले. तेही कागदोपत्री स्वयंसेवकच होते. काय टोचतायत हे अनेकांना धड सांगितलंही नव्हतं.

उंटावरचा_शहाणा
@तिरफळ, एजवूड लष्कराचं होतं, व्हीएचं नव्हे. इथे संमतीपत्र आहे, कधीही बाहेर पडता येतं, सहभाग नाकारला म्हणून उपचार किंवा भरपाई अडत नाही. नमुन्यावर नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. पन्नास वर्षांपूर्वीचं पाप आजच्या संशोधकांच्या माथी का?

तिरफळ
लष्कर वेगळं, व्हीए वेगळं, हा फरक तुम्हाला-मला कळतो. ज्याच्यावर प्रयोग झाले त्याला दोन्हीकडे सरकारच दिसतं. बरं, जुनं सोडा. मे २००६मध्ये व्हीएच्याच कर्मचाऱ्याच्या घरातून लॅपटॉप आणि हार्ड डिस्क चोरीला गेली. २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखे) त्यात होते. सामान परत मिळालं, माहिती उघडली गेल्याचं दिसलं नाही, हे माहीत आहे. पण नंबर फुटला तर निदान बँकेला कळवता तरी येतं. डीएनए फुटला तर कोणाला कळवणार? आणि तो एकट्याचा नसतो, मुलाबाळांचाही असतो. त्यांनी कुठे सही केलीय?

आकडेमोड
दोघेही मूळ दुखणं सोडून बोलताय. २००८च्या ‘गिना’ कायद्याने आरोग्य विमा कंपनीला आणि नोकरी देणाऱ्याला जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी आहे. आयुर्विमा, अपंगत्व विमा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा हे तिन्ही त्यातून सुटले. माजी सैनिकांच्या वयाच्या माणसाला नेमकी याच विम्यांची काळजी असते! आधी हे भोक बुजवायचं, मग रक्त मागायचं.

लाल_पेशी
म्हणजे कायदा होईपर्यंत संशोधन थांबवायचं? एक उदाहरण देतो, मग ठरवा.

मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर एचबीए१सी चाचणीने बघतात. ती रक्तातल्या तांबड्या पेशींत चिकटलेली साखर मोजते. जी६पीडी नावाच्या जनुकात एक बदल आहे, आफ्रिकी वंशाच्या लोकांत बराच आढळणारा. त्यात या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळ कमी मिळतो आणि आकडा खोटाच कमी येतो. डॉक्टर म्हणतात छान चाललंय, आतून डोळे खराब होत असतात. या बदलाच्या लोकांत डोळ्यांचे विकार जास्त होतात, हे याच बायोबँकेतून दिसलं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे त्याची एकच प्रत, म्हणून त्याच्यात परिणाम स्पष्ट दिसतो. बायका कमी आहेत अशी या साठ्यावर रास्त टीका होते, पण या प्रश्नापुरती तीच रचना कामी आली. गोऱ्यांच्या बायोबँकेत हे दिसलं असतं का?

आकडेमोड
उदाहरण पटलं. पण मग ज्याच्या रक्तातून हे कळलं, त्याला कोण सांगणार? सहभागींना सहसा वैयक्तिक निकाल देत नाहीत. वंशागत जास्त कोलेस्टेरॉल असणाऱ्यांना निकाल कळवून बघणारा ‘रोअर’ हा वेगळा अभ्यास आहे, तेवढाच अपवाद मला ठाऊक आहे. सैनिकाने माहिती द्यायची, शोधनिबंध दुसऱ्याच्या नावावर.

गप्पिष्ट_गोगलगाय
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

लाल_पेशी
@आकडेमोड, निकाल कळवायचा तर तो इस्पितळाच्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासावा लागतो, समुपदेशन लागतं. संशोधनात जनुकं वाचायला वापरतात त्या चिपवर दुर्मीळ बदल चुकीचे दिसू शकतात. दहा लाख घरांत घबराट पोचवून काय साधणार?

तिरफळ
माझ्या भरपाईच्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही. २०२२च्या पॅक्ट कायद्याने एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं तणनाशक) आणि बर्न पिटच्या (लष्करी तळांवर कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या) धुराशी काही आजार जोडले, उच्च रक्तदाब धरून. यादीतल्या आजारासाठी सैनिकाला कारण सिद्ध करावं लागत नाही. यादीबाहेरच्या आजारासाठी मात्र सेवेशी संबंध दाखवावा लागतो. उद्या अभ्यास सांगू लागले की अमुक आजाराचा मोठा वाटा जनुकांचा, की नामंजुरीच्या पत्राला आयतं वाक्य मिळालं. त्याला त्या सैनिकाचा स्वतःचा नमुना उघडायचीही गरज नाही.

उंटावरचा_शहाणा
हा मुद्दा वजनदार आहे, पण तो उलटाही फिरतो. एकाच धुरात उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्याच फुप्फुसाला का भोवलं, हे जनुकांतूनच कळेल. धुराने त्यालाच का मारलं याचं उत्तर मिळालं तर दावा बळकट होतो. नियम असा हवा की बायोबँकेचा एकही निष्कर्ष दावा नाकारायला वापरता येणार नाही.

तिरफळ
असा नियम लेखी दाखवा, मी विरोध मागे घेते. धोरणात नको, कायद्यात. धोरण पुढचा सचिव, म्हणजे तिथला मंत्री, एका सहीने बदलतो.