मदत हवी आहे : रात्रीच्या ओलितात झोप, जेवण आणि मन यांचा मेळ कसा घालावा?

सर्वांना सादर नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात कपाशी, तूर आणि हरभरा घेतो. कृषिपंपाची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीच मिळत असल्यामुळे माझे यजमान मध्यरात्री हरभऱ्याला पाणी द्यायला निघतात, आणि मी पहाटे चारला उठून स्वयंपाक आटोपून वेचणीला जाते. बोंडांच्या टोकांनी ओरखडलेल्या बोटांना खोबरेल तेल लावून निजावे, तर डोळा लागतो न लागतो तोच टॉर्च आणि गमबूट शोधण्याची खुडबूड सुरू होते.

गेल्या महिन्यात यजमानांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितले. झोपेविषयी मात्र एक शब्द विचारला नाही, याचे मला वाईट वाटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्यही धरले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना पूर्वी आमच्या गावात रोज सायंकाळी होत असे, तेव्हा चार माणसांत बसून मन हलके व्हायचे. आता आम्ही दोघे एका वेळी जेवतही नाही.

गोळी आम्ही बंद करणार नाही. परंतु रात्री ओलित करणाऱ्याने दिवसा केव्हा आणि किती झोपावे, शेतात चहा-बिस्किटांऐवजी काय न्यावे, आणि ठेचा-लोणच्याशिवाय ज्वारीची भाकर रुचावी म्हणून काय करावे? ज्यांच्या घरी हे जमले आहे, त्यांनी कृपया आपला दिनक्रम सविस्तर लिहावा.