मदत हवी आहे - जुन्या सीडींची खात्रीशीर कॉपी कशी करू?

नमस्कार मंडळी, बाबांनी २००३ ते २००८ मधे गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलेलं, त्याच्या ४० एक सीडी कपाटात सापडल्या. त्यातले निम्मे गायक आता नाहीत आणि दुसरी कॉपी कुठेच नाही त्यामुळे एक मिनिटही गमवायचं नाहीये. काहींच्या कडेला डाय (ज्यात रेकॉर्डिंग लिहिलं जातं तो रंगाचा थर) फिकट झालाय, दोनवर मार्करने थेट वरच लिहिलंय.

डेटा सीडींचं जमतंय. डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारा प्रोग्राम) आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत) करते, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) ठेवते, अडलेले सेक्टर (सीडीवरचे डेटाचे छोटे तुकडे) दुसऱ्या ड्राइव्हवर तीच मॅप फाइल देऊन परत वाचते, शेवटी एसएचए-२५६ हॅश (फाइलचा ठसा, जरा काही बदललं की तोही बदलतो) काढून दोन हार्डडिस्कवर टाकते. एका ड्राइव्हने सोडलेलं दुसरा बऱ्याचदा वाचतो, हे बघून फार बरं वाटलं.

अडलंय ते ऑडिओ सीडींवर. डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमधे डेटा २०४८ च असतो आणि उरलेल्या जागेत जास्तीचं एरर करेक्शन, पण ऑडिओत सगळी जागा आवाजालाच जाते, म्हणजे चुकीचं वाचलं तरी ड्राइव्ह गप्प बसू शकतो. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचलं की हॅश जुळतो, दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळा येतो. हा नुसता रीड ऑफसेटचा (प्रत्येक ड्राइव्ह ऑडिओ किंचित पुढे-मागे सरकवून वाचतो, त्याचा) फरक की खरंच चूक, हे कसं ओळखायचं? घरी बर्न केलेल्या सीडी आहेत, त्यामुळे ॲक्युरेटरिपमधे (इतरांनी त्याच सीडीच्या केलेल्या कॉपीशी जुळवून बघायचा ऑनलाइन डेटाबेस) ताडून बघता येत नाही. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज नीट सांगा, सीडी दिवसेंदिवस खराब होतायत.