स्टॉक फ्युचर्स: एसएल (स्टॉपलॉस लिमिट) आणि एसएल-एम (स्टॉपलॉस मार्केट) ऑर्डरमध्ये नक्की फरक काय?

नवखा_सातारा: शेअर्स घेतो विकतो, पण फ्युचर्स (पुढच्या ठरलेल्या तारखेला शेअर्स घ्यायचा-विकायचा करार) पहिल्यांदाच करतोय. समजा १५०० ला एक लॉट (ठराविक शेअर्सचा गठ्ठा) घेतला, १४८० चा स्टॉपलॉस (भाव तिथे पडला की आपोआप विकून तोटा थांबवणारी ऑर्डर) लावायचाय, तर कुठली ऑर्डर टाकू? आणि तोटा झाला तर पैसे लगेच कापतात का?

कोल्हापूरकर७७: एसएल मध्ये दोन भाव टाकावे लागतात, ट्रिगर १४८० आणि लिमिट समजा १४७८, म्हणजे १४८० ला ऑर्डर जागी होते पण १४७८ च्या खाली विकत नाही, आणि भाव मधले टप्पे सोडून एकदम १४६५ ला कोसळला तर ऑर्डर तशीच लटकून राहते, पोझिशन उघडी, म्हणजे सौदा तसाच चालू!! एसएल-एम मिळेल त्या भावाला विकते, भाव वाईट मिळेल पण सुटका होते. दोन्ही ऑर्डरी त्याच दिवसापुरत्या, दुसऱ्या दिवशी परत टाकायच्या.

मीनाताई: पैसे रोज कापतात भाऊ. लॉट ५०० चा असेल आणि भाव १२ रुपये पडला तर त्याच दिवशी ६००० गेले, म्हणून नुसत्या मार्जिनएवढेच (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) पैसे खात्यात ठेवू नकोस. अजून एक, एक्सपायरीपर्यंत (करार संपायच्या दिवसापर्यंत) पोझिशन ठेवलीस तर ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच स्टॉक फ्युचर्सना डिलिव्हरी आहे, अख्ख्या लॉटचे पैसे भरून शेअर्स घ्यावे लागतात.

नवखा_सातारा: डिलिव्हरीचं माहितच नव्हतं, धन्यवाद ताई. म्हणजे एक्सपायरीच्या आधीच पुढच्या महिन्यात रोलओव्हर करायचं ना, हा करार विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा?

मीनाताई: हो, नाहीतर सरळ विकून मोकळा हो.