रोजचे साडेचार तास लोकलमध्ये. यातून ठरवलं नसताना काही चांगलं मिळालंय का कुणाला?

नवा_वासिंदकर
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये डोंबिवलीची भाड्याची खोली सोडून कल्याणच्या पुढे, कसारा मार्गावर वासिंदला स्वतःचं घर घेतलं. नोकरी मुंबईत, फोर्टात. सकाळी पावणेसातला घर सोडतो, रात्री साडेआठला परत. घराचं समाधान आहे, पण तीन महिन्यांत जीव मेटाकुटीला आलाय. मोबाईल बघून डोळे दुखतात, पुस्तक उघडलं की डोळा लागतो. जागा कशी मिळवायची ते आता जमलंय, त्याबद्दल नाही विचारत. या मार्गावर वर्षानुवर्षं जाणाऱ्यांनी खरं सांगा, या वेळातून काही हाती लागलं का?

टाळकरी
आमच्या डब्यात भजन असतं. मी टिटवाळ्याला चढतो. पहिले दोन महिने नुसता उभा राहून ऐकायचो, मग कुणीतरी हातात टाळ दिले. आता शंभरेक अभंग तोंडपाठ आहेत. दसऱ्याला डब्याला तोरण बांधतो, पूजा करतो. या एकदा.

आसनगावची_काकू
तेवीस वर्षं आसनगाव ते सीएसएमटी करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. भात ताटात येतो, एवढीच त्याची ओळख. लग्न होऊन आसनगावला आले, पण गावात फक्त झोपायला. शेजारच्या पाड्यावर कोण राहतं, घरासमोरच्या शेतात काय पिकतं, काही ठाऊक नव्हतं.

मग एकदा मोबाईल बिघडला आणि आठवडाभर खिडकीबाहेर बघत बसले. मे महिना होता. वासिंदच्या अलीकडे शेतांत काळे चौकोन दिसले. मला वाटलं, आग लागून गेली. डब्यातल्या खर्डीच्या बाईंनी सांगितलं, अहो, तो राब. शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. जूनमध्ये त्याच काळ्या तुकड्यांत आवण, म्हणजे भाताची रोपं, आलं, इतकं पोपटी की डोळे निवले. जुलैत गुडघाभर चिखलात लावणी. ऑक्टोबरात काही खाचरं कापून मोकळी आणि काही तशीच उभी. मला वाटलं, माणसं मिळाली नसतील कापणीला. तर नाही, कापलं ते हळवं आणि उभं ते गरवं. पन्नाशीकडे आलेली बाई मी, आणि भात दोन वेळांना पिकतो हे मला लोकलच्या खिडकीनं शिकवलं.

तेव्हापासून ऑफिसात मिळणाऱ्या डायरीत तारखा लिहिते. काटेसावर कधी फुलली, पळस कधी, बहावा कधी. खडवलीच्या पुढे रुळांजवळ एक पळस आहे, त्याची अकरा वर्षांची नोंद आहे माझ्याकडे. एका वर्षी ९ फेब्रुवारीलाच पेटला होता, एका वर्षी मार्च उजाडला. आदल्या दिवशी नुसत्या काळ्या कळ्या आणि दुसऱ्या दिवशी केशरी टोकं दिसली की मी शेजारणीला हलवून उठवते. ती रागावत नाही.

दुसरी गोष्ट फलाटावरची. पावसाच्या तोंडावर पाड्यांवरच्या बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन कल्याण-दादरकडे निघतात. आधी मी त्यांना वळसा घालून पुढे जायचे. राबाचं कळल्यावर विचारायची भीड चेपली. शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी, एकेक नाव त्यांनी शिकवलं. त्यांच्याकडूनच आणखी एक कळलं, ते मनातून जात नाही. भातसा, तानसा ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातली. गिरगावात मी लहानपणी नळ सोडून बादली भरायची ते पाणी इकडचं, आणि इथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. माहेरी गेले की आता नळ वाहता ठेवून कुणी भांडी घासली तर मला बघवत नाही, मी बोलते.

आसनगाव सोडल्यावर मुंबईला जाताना उजव्या हाताला माहुली दिसतो. १६३६ मध्ये शहाजीराजांनी शेवटी शस्त्र ठेवलं तो हाच गड. शाळेत पाठ केलं होतं, पण त्याच्या पायथ्याशी राहतोय हे डब्यातल्या एका शिक्षिकेनं सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला.

हार्बरवाला
काकूंचं वाचून लिहावंसं वाटलं. मी नेरूळहून जातो, वाशीच्या खाडीपुलावरून. हिवाळ्यापासून मेपर्यंत ओहोटी असली की लांब चिखलावर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ दिसते. माझी गाडी रोज तीच, पण भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे ओहोटी माझ्या गाडीला गाठायला पंधरवडा लागतो. आता तिथी पाहून दाराजवळ उभा राहतो.

दोन_मुलांची_आई
छान आहे सगळं. पण मी बदलापूरहून नऊ वर्षं केलं आणि धाकट्याचं पहिलं पाऊल सासूबाईंनी पाहिलं. ते कुठल्या खिडकीत दिसत नाही.

आसनगावची_काकू
खरं आहे ताई. माझ्या मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी दोनदाच पोचले. त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही.

नवा_वासिंदकर
काकू, काल वासिंदच्या फलाटावर एका मावशींकडून शेवळांची जुडी घेतली. तुमचंच वाचून. मावशी म्हणाल्या, नीट साफ कर, नाहीतर घसा धरेल. गाडी आली आणि पुढचं राहिलं. घरी दोघांनाही येत नाही. कशी करायची?

आसनगावची_काकू
अरे वा! हाताला आधी तेल लावा. वरचं आवरण सोलून काढा. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाका, खाज त्याचीच. बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परता. मावशींनी जुडीबरोबर हिरवी आंबट फळं दिली असतील, ती काकडं. ठेचून त्यांचा रस घाला. मग कांदा, भिजवलेले वाल, ओलं खोबरं. काकडं दिली नसतील तर चिंचेचा कोळ घाला, हात आखडू नका. आणि त्या मावशींना उद्या भेटलात तर लोत नावाची रानभाजी मिळेल का विचारा, तीही याच दिवसांत येते.