शाळेतल्या मुलींना दाखवायला जगभरातल्या कुंभार स्त्रिया आणि सिरॅमिक कलावती सुचवा (कोल्हापूर)

खडूफळा:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुली मातीकामाला थांबतात. आमच्याकडे चाक नाही, भट्टीही नाही. वळ्या रचून वाट्या, पणत्या, छोटे घट करतो आणि जवळच्या गावातले एक कुंभारमामा ते त्यांच्या आव्यात भाजून देतात.

मध्यंतरी मुलींना कुंभार गल्ली बघायला नेलं होतं. तिथं एकीनं विचारलं, "बाई, चाकावर सगळे काका आणि दादाच कसे? काकू माती मळतायत, रंगवतायत, मग चाकावर का नाहीत?" या प्रश्नाला मला नीट उत्तर द्यायचं आहे. आपलं आयुष्य मातीत घातलेल्या बायकांची नावं हवीत. नुसती प्रसिद्ध नकोत, त्यांची पद्धत आमच्या मुलींना हातानं करून बघता आली पाहिजे.

भाजकीमाती:
खडूफळाताई, तुमच्या वर्गात चाक नाही ही अडचण समजू नका. जगातल्या फार मोठ्या कुंभारणींनी चाकाला हात न लावता काम केलं आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी बायकांनी चाक चालवायचं नाही अशी रूढी होती. पण जिथं भांडी हातानं घडवली जातात, तिथं आफ्रिकेत काय किंवा अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत काय, हे काम बहुतेक ठिकाणी बायकांचंच राहिलं आहे. मुलींना आधी हे सांगा.

पहिलं नाव मारिया मार्टिनेझ. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सान इल्देफोन्सो या पुएब्लो, म्हणजे मूळ रहिवाशांच्या गावची, 1980 मध्ये गेली. ती वळ्यांनी भांडं उभं करायची आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात चालत आलेल्या गुळगुळीत दगडांनी आरशासारखं घोटायची. घोटलेल्या अंगावर तिचा नवरा हुलियन मातीच्या पातळ लेपानं नक्षी काढायचा. भाजल्यावर अंग चकचकीत काळं आणि नक्षी मंद काळी, म्हणजे काळ्यावर काळं. ही रीत दोघांनी 1919 च्या सुमारास बसवली. मला तिच्याबद्दल सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की तिनं ती स्वतःपुरती ठेवली नाही. गावातल्या इतरांना शिकवली आणि त्यावर कितीतरी घरं उभी राहिली.

दुसरं नाव लादी क्वाली, नायजेरियाची. लहानपणी मावशीकडून घट करायला शिकली. अंगावर सरडे, विंचू, मगरी कोरायची. 1954 मध्ये ती मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभारानं काढलेल्या अबुजाच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. तिथली ती पहिली स्त्री. चाक आणि ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) तिथं शिकली, पण वळ्यांचे घट सोडले नाहीत, त्यांनाच ग्लेझ चढवून जास्त तापमानाला भाजू लागली. नायजेरियाच्या 20 नायराच्या नोटेवर मागच्या बाजूला तिचं चित्र आहे. मुलींना ती नोट नक्की दाखवा!

तिच्या पुढची कडी म्हणजे मॅग्डलीन ओडुंडो. 1950 मध्ये नैरोबीत जन्म, 1971 मध्ये इंग्लंडला गेली आणि नंतर अबुजाच्या केंद्रात लादी क्वालीकडूनच हातघडणी शिकली. तिचे घट बघताना मान, पोट, कंबर हेच शब्द तोंडात येतात. ग्लेझ नाही, फक्त लेप आणि घोटाई. तोच घट मोकळ्या हवेच्या जाळात भाजला तर केशरी-लाल, हवा कोंडून पुन्हा भाजला तर काळा.

बापटकँपची:
सगळं खरं, पण सुरुवात आफ्रिका-अमेरिकेपासून कशाला? ताई, आधी मणिपूर दाखवा. तिथल्या मैतेई बायका चाकाशिवाय भांडी करतात. भांडं जागेवर असतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते. थोंगजाओच्या नीलमणी देवींना याच कामासाठी 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम आहे, म्हणून मला हे फार जवळचं वाटतं. आई मूर्ती रंगवते, डोळ्यांची आखणी तिचीच असते, पण गिऱ्हाईक नाव विचारतं ते बाबांचं. मुलींनी नीलमणी देवींचं नाव आधी ऐकावं असं मला मनापासून वाटतं.

भाजकीमाती:
मान्य. मणिपूर पहिलं घ्या, मग लादी क्वाली घ्या. तीसुद्धा घटाभोवती फिरूनच रचायची, दोघींचं काम शेजारी ठेवलं की मुलींच्या लगेच लक्षात येईल.

चाकावरच्या बायका हव्या असतील तर बडोद्याच्या ज्योत्स्ना भट्ट (1940–2020). मूळच्या कच्छमधल्या मांडवीच्या, त्यांची मातीची मांजरं मुलींना फार आवडतील. आणि पुण्याच्या निर्मला पटवर्धन, ज्यांनी ग्लेझवर आयुष्यभर प्रयोग करून कुंभारांसाठी हँडबुक लिहिलं. पाँडिचेरीत डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत आजचे कितीतरी भारतीय कलाकार घडले. पण हे मोठ्या वयाच्या मुलींसाठी.

ओलीवाट:
दोन नावं माझीही.

ओतागाकी रेंगेत्सु, क्योतोची बौद्ध भिक्षुणी (1791–1875). नवरे गेले, मुलं गेली, मग केस उतरवून ती भिक्षुणी झाली. वडिलांच्या निधनानंतर पोटासाठी चहाची भांडी करू लागली आणि ओल्या मातीवर स्वतःच्या कविता कोरू लागली. भांडी वेडीवाकडी, बोटांचे ठसे दिसणारी, आणि अक्षर अप्रतिम. मुलींना स्वतःच्या वाटीवर आवडती ओवी कोरायला द्या. जात्यावरच्या ओव्या घरोघरी आजीला पाठ असतात.

दुसरी लूसी री. 1902 मध्ये व्हिएन्नात जन्म, ज्यू असल्यामुळे 1938 मध्ये लंडनला पळून यावं लागलं. युद्धाच्या काळात पोटासाठी सिरॅमिकची बटणं केली. त्या बटणांसाठी ग्लेझच्या रंगांचे जे प्रयोग केले ते पुढं वाडग्यांत उतरले. तिचं चाकावरचं काम तुम्हाला जमणार नाही, पण बटणं शंभर टक्के जमतील. नववीच्या मुली स्वतःच्या कुर्त्याला स्वतः केलेली बटणं लावतील.

खडूफळा:
ओवी आणि बटणं, दोन्ही करणार! मनापासून आभार. बापटकँपची, तुमच्या आईंना एकदा वर्गात बोलवायला आवडेल. आखणी कशी करतात ते मुलींना बघू दे.

मारियासारखं काळं भांडं आमच्या मामांच्या आव्यात होईल का?

बापटकँपची:
आईला विचारते, येईल ती. गणपतीचा हंगाम सोडून कधीही.

भाजकीमाती:
काळं होतं, कारण मारिया शेणाच्या गोवऱ्यांवरच भाजायची आणि त्या आपल्याकडे हव्या तेवढ्या. जाळ पुरता चढला की वर वाळक्या शेणाचा बारीक चुरा ओतून सगळं बुजवायचं. हवा तुटते, धूर कोंडतो, मातीतलं लोह आणि धुरातला कार्बन मिळून भांडं काळं पडतं. बुजवलं नाही तर तेच भांडं लाल निघेल.

मातीत भाजक्या खापरांची बारीक पूड मिसळा, तडे कमी जातात. सगळीकडे जाडी सारखी ठेवा. सावलीत वाळवा, मग उन्हात, मग आव्याच्या कडेला चांगलं तापवून घ्या. आत ओल राहिली तर वाफ होऊन भांडं फुटतं. घोटाई भांडं चामड्यासारखं घट्ट झाल्यावर, पंचगंगेतला गुळगुळीत गोटा किंवा चमच्याची पाठ घेऊन. मूर्तीचा शाडू यात वापरू नका, कुंभारमामांचीच माती घ्या. मुलींना आधीच सांगून ठेवा, हे भांडं पाणी धरणार नाही, मारियाचंही धरायचं नाही.

आणि बुजवण्याचं काम मामांनाच करू दे. धूर फार होतो, मुली वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब उभ्या राहू देत.

रंकाळाफेरी:
टाऊन हॉल म्युझियम राहिलं की. ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत, सातवाहन काळातल्या. मुलींना वही-पेन्सिल घेऊन न्या, आकार काढू देत. सोमवारी बंद असतं का तेवढं आधी विचारा.