मदत हवी आहे: रोज संध्याकाळी नेट जातं, कंपनी दाद देत नाही

मुठाकाठची
गेले नऊ दिवस हेच चाललंय. सातच्या सुमारास नेट जातं, सकाळी आपोआप येतं. कस्टमर केअरचं एकच, 'मॅडम, राउटर बंद करून चालू करा.' चारदा तक्रार नोंदवली. दोनदा माणूस आला, दोन्ही वेळा सकाळी अकराला, तेव्हा नेट झकास. 'सगळं ओके' म्हणून तक्रार बंद. मुलाचा क्लास साडेसातला असतो. काय करू, लवकर सांगा.

कोथरूडकर
फायबर की जुनी तांब्याची लाइन? वायफायच दिसत नाही, की दिसतं पण काही उघडत नाही?

पेठेतला
संध्याकाळी सगळे वापरतात, लोड येतो. सरळ कंपनी बदला. आम्ही बदलली, सुखात आहोत.

कोथरूडकर
लोड असला तर नेट रांगतं, सकाळपर्यंत गायब होत नाही. आधी दिवे कोणते लागतात ते कळू दे.

वायफायवेडा
मेश घ्या, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारे जोडडबे. माझ्याकडे तीन खोल्यांत एकदम कडक रेंज येते.

मुठाकाठची
राउटरशेजारी बसूनही नेट नाही हो, मेश काय करणार? फायबर आहे. वायफाय दिसतं. पांढऱ्या डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल होतो.

निवृत्त लाइनमन
हे आधी सांगायचं ना ताई. एलओएस लाल म्हणजे डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही. राउटर शंभरदा चालू-बंद केलात तरी काही होणार नाही. वायर घरात कुठून घेतलीये?

मुठाकाठची
हॉलच्या सरकत्या खिडकीतून.

निवृत्त लाइनमन
संध्याकाळी ती खिडकी लावता?

मुठाकाठची
लावावीच लागते. खाली नदी, जलपर्णी, दिवेलागणीला डासांचे थवेच्या थवे येतात.

निवृत्त लाइनमन
मग दोष तिथेच. आत केसाएवढा काचेचा धागा असतो, दाबला की उजेड बाहेर झिरपतो. उजेडाची ताकद डीबीएममध्ये मोजतात, ती उणे २७ च्या खाली गेली की डबा नांगी टाकतो. खिडकी लावून पॉवर मीटरने उजेड मोजायला सांगा. आणि चिकटपट्टी गुंडाळून दुरुस्ती करू देऊ नका, नवी वायर भिंतीला भोक पाडून घ्या.

मुठाकाठची
आत्ता खिडकी चार बोटं सरकवली. मिनिटभरात लाल दिवा गेला! रुळात वायर एका जागी पार चपटी झालीये, वरचं आवरण चिरलंय.

पेठेतला
म्हणजे चूक कंपनीचीच. खिडकीतून वायर कोण घेतं? ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, तक्रार ठोका.

कोथरूडकर
ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीकडे डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचा, तिथे निकाल लागला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जायचं. त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. चारही नंबर जपून ठेवलेत ना?

मुठाकाठची
एसएमएसमध्ये आहेत. उद्या माणूस सातनंतरच पाठवा म्हणून बजावलंय. काका, फार उपकार झाले. खिडकी उघडीच ठेवलीये, मुलाला ओडोमॉस चोपडून क्लासला बसवलंय.

वायफायवेडा
खिडकीला चुंबकाची जाळी बसवा. सिंहगड रोडला कोणाकडे चांगली मिळते?